भाचरांसाठी गोधडी: कापड, भर, टाके आणि धुणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बहिणीला तीन महिन्यांनी बाळ होणार आहे. भावाला दोन मुलं, मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा चार. तिघांनाही हाताने शिवलेली गोधडी द्यायची आहे. मशीनवर सरळ शिलाई जमते, हातशिलाई म्हणाल तर बटणं लावण्यापुरती. कापड कुठलं घ्यावं, आत काय भरावं, मापं काय ठेवावीत, आणि तीन महिन्यांत तिन्ही होतील का?

तिन्ही होणार नाहीत. एक नक्की होईल, रोज हात लागला तर दुसरीही. मी तीस वर्षं गोधड्या शिवतेय, बहुतेक घरच्याच पोरांसाठी, आणि अजूनही तीन महिन्यांत तीन कबूल करत नाही.

माझी पहिली गोधडी थोरल्या भाचीची. वर सॅटिन, कडेला जरीची पट्टी, मधोमध मोत्यांचं फूल. सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं. पोरीने ती एक रात्र पांघरली. सॅटिन अंगावरून घसरायचं, मोती गालाला टोचायचे, वर आईचा धोशा, "मळवू नकोस हं." दुसऱ्या दिवशी ती कपाटात गेली, ती अजून तिथेच आहे, नवीकोरी. म्हणजे मी नापास. तिच्या धाकट्या भावाला मात्र मी जुन्या चादरींचे तुकडे घाईघाईत जोडून एक देऊन टाकली होती. ती त्याने घरभर फरफटवली, तिचा तंबू केला, तिच्यावर दूध सांडलं आणि ती दर आठवड्याला धुतली गेली. तेव्हापासून कापड असो की टाका, मी एकच विचारते: हे आठवड्याला धुतलं तर टिकेल का? पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं याच एका प्रश्नाला धरून आहे.

सुरुवात बाळापासून करा. माप लहान, चुका त्याला दिसत नाहीत आणि तुमचा हात बसतो. पण बहिणीला एक गोष्ट स्पष्ट सांगून द्या. वर्षाच्या आतलं बाळ झोपताना त्याच्या पाळण्यात किंवा बिछान्यात सुटी गोधडी, दुलई, उशी काहीही ठेवायचं नाही. तोंडावर आलेलं पांघरूण त्याला बाजूला करता येत नाही. बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात, आणि "आमच्या वेळी असं काही नव्हतं" हे उत्तर इथे चालत नाही. मग गोधडी कशाला? जमिनीवर अंथरायला. बाळ जागं असताना, कुणीतरी शेजारी बसलेलं असताना, पालथं पडायला, लोळायला, पुढे रांगायला. म्हणून ती पांघरूण म्हणून नव्हे, अंथरूण म्हणून शिवा. वर्षानंतर तीच अंगावर येईल.

बाळासाठी ३६ इंच बाय ४५ इंच पुरे. हे माप मी कापडाच्या पन्ह्यावरून धरते. बरंचसं सुती कापड ४४-४५ इंच पन्ह्याचं येतं. धुऊन ते थोडं आटतं, तरी ३६ इंचांची बाजू पन्ह्यात धरली तर पाठीला एकसंध कापड पुरतं, नाहीतर मोठ्या पन्ह्याची चादर घ्यायची. चार वर्षांच्या मुलाला ४८ बाय ६८ इंच द्या, दहा-अकरा वर्षांचा होईपर्यंत पायाशी पुरेल. नऊ वर्षांच्या मुलीला आता लहान मुलीचं माप देऊ नका. एकेरी पलंगाचं घ्या, ६० बाय ८४ च्या आसपास. ती घर सोडून शिकायला जाईल तेव्हा सोबत नेता आली पाहिजे.

आता कापड. सुतीच घ्या. वापरून मऊ झालेलं सुती कापड अंगाला लागतं तसं नवं लागत नाही: चादरी, साड्या, सदरे, झबली. पण जुनं म्हणजे जीर्ण नव्हे. कापड उजेडासमोर धरा. विणीत पातळ खिडक्या दिसल्या तर तो भाग सोडा. मग दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून ताणा, आधी उभ्या धाग्यात, मग आडव्या. चर्र असा बारीक आवाज आला की ते कापड आत भरायला ठेवा, वर लावू नका. सदऱ्याची कॉलर आणि काखेखालचा भाग आधी विरतो, पाठ शेवटपर्यंत धड असते, तेव्हा तुकडे पाठीतून काढा. जुन्या विरलेल्या तुकड्याशेजारी कोरं जाड कापड जोडलं तर धुताना नवं आटतं, जुन्याला ओढतं, आणि जुनं शिलाईलगत फाटतं. हा अनुभव मी दोनदा घेतलाय, दुसऱ्यांदा घ्यायची गरज नव्हती.

टी-शर्टचं कापड ताणलं जातं, त्याला मागून इस्त्रीने चिकटणारं फ्यूजिंग लावल्याशिवाय चौकोन चौकोन राहत नाही. जीनचे तुकडे छान दिसतात, पण चार जोड एकत्र येतात तिथे हातातली सुई आत जात नाही. गुळगुळीत आणि मखमली कापड कितीही सुंदर असलं तरी पहिल्या गोधडीत नको.

कुणाचे कपडे वापरावेत याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगते. मुलांना ओळखीचं कापड हवं असतं. "हा आजोबांचा शर्ट" हे चार वर्षांचा मुलगा रोज कुणालातरी दाखवतो. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या मिसूरी पेटवे यांनी नवरा वारल्यावर, १९४२ मध्ये, त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, त्याची आठवण अंगावर राहावी म्हणून. गीज बेंडच्या गोधड्या २००२ पासून तिकडच्या मोठमोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या. मला त्यांच्यात सगळ्यांत आवडतं ते हे, की विटलेल्या कापडावर पूर्वी खिसा होता तिथे गडद चौकोन तसाच दिसतो. तेव्हापासून मी शर्टाचा खिसा उसवला की त्याखालचा न विटलेला भाग मुद्दाम वर, दिसेल असा लावते. कधीकधी खिसाच ठेवते. भाच्याच्या गोधडीला एक खरा खिसा ठेवून पाहा, त्यात आठवड्याभरात काय काय सापडेल ते कळवा.

कापायच्या आधी सगळं कापड धुऊन घ्या, नवं असेल तर दोनदा. सुती कापड पहिल्या धुण्यात शंभर इंचांमागे तीन ते पाच इंच आटतं. आणि रंग तपासा. पांढऱ्या फडक्याचा तुकडा ओला करून कापडावर जोरात घासा. लाल, मरून आणि गडद निळ्यावर तर अजिबात विश्वास ठेवू नका. मी एकदा मरून पट्टी न धुता पांढऱ्या चौकोनांना लावली आणि देण्याच्या आदल्या रात्री गोधडी धुतली. सकाळी सगळ्या पांढऱ्यावर गुलाबी ढग. मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, पण बाजारात मिळणाऱ्या रंगीत सुती कापडाला त्याचा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो एवढाच: वाळू न देता लगेच भरपूर गरम पाण्यात, साबण जरा जास्त घालून, गोधडी मोकळी बुडवून ठेवायची आणि पाणी रंगीत येणं थांबेपर्यंत बदलत राहायचं. वाळली की डाग काढणं कठीण जातं. माझे ढग निम्मे गेले, निम्मे राहिले.

आत काय भरायचं? पिंजलेला सुटा कापूस भरू नका. तो उबदार असतो, पण घरच्या धुण्यात त्याचे गोळे होतात आणि मधल्या जागा रिकाम्या पडतात. पॉलिएस्टरचा थर हलका, लवकर वाळणारा, पण अंगाला कोंदट होतो आणि हलक्या प्रतीचा असेल तर कापडातून पांढरे तंतू बाहेर येत राहतात. बाळाच्या गोधडीला माझ्या मते जुन्या चादरीचे दोन थर सगळ्यांत उत्तम. सरकत नाहीत, गोळे होत नाहीत, सुई सहज जाते, आणि एका दुपारच्या उन्हात वाळतात. मोठ्या दोघांना जास्त ऊब हवी असेल तर तयार सुती भराव पातळातला घ्या. त्याच्या वेष्टनावर शिलाईच्या ओळींमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते लिहिलेलं असतं. कुणाला दोन इंच, कुणाला आठ, कुणाला दहा. ते वाचल्याशिवाय नक्षी ठरवू नका.

बाळासाठी नुसते चौकोन करा. पाच इंचांचे कापायचे, चारी बाजूंनी पाव इंच शिलाईत जातं, साडेचार उरतात. आडवे आठ, उभे दहा, एकूण ऐंशी चौकोन, ३६ बाय ४५ बरोबर येतं. खरी गोम त्या पाव इंचात आहे. तुम्ही प्रत्येक शिलाईला फक्त अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जास्त घेतलात तर दोन्ही चौकोनांतून तेवढा तेवढा जातो, म्हणजे एका जोडाला एक सूत. आठ चौकोनांच्या ओळीत सात जोड, सात सूत गेले, जवळजवळ एक इंच! एक ओळ इंचाने आखूड आणि दुसरी बरोबर, मग ती जुळवताना चुण्या पडतात आणि आपण कापडाला दोष देतो. म्हणून आधी टाकाऊ कापडाचे तीन चौकोन जोडा, इस्त्री करा आणि मधला मोजा. नेमका साडेचार भरला पाहिजे. नसेल तर मशीनच्या पट्टीवर, सुईपासून बरोबर पाव इंचावर, चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि कापडाची कड त्याला टेकवून चालवा. इस्त्री करताना ती फिरवू नका, उचलून ठेवा, कापड ताणत नाही. जोड एका ओळीत डावीकडे दाबा, पुढच्या ओळीत उजवीकडे, म्हणजे ओळी जोडताना कोपरे एकमेकांत अडकून बसतात.

हे झालं मशीनचं काम, आणि ते मशीनवरच करा. सगळं हाताने केलं तरच हातची गोधडी, असं काही नाही. हात दिसतो तो धावदोऱ्यात, म्हणजे सगळे थर एकत्र धरणाऱ्या साध्या टाक्यांत.

पाठीचं कापड उलटं पसरून जमिनीला चिकटपट्टीने ताणून लावा, ओढू नका, नुसता झोळ काढा. त्यावर भर, त्यावर जोडलेलं वरचं कापड. पाठ आणि भर चारी बाजूंनी दोन-तीन इंच मोठे असू देत. मग मधून सुरू करून बाहेर जात, वीतभरापेक्षा कमी अंतरावर कच्चे टाके घाला. सेफ्टीपिना लावणार असाल तर मोजून लावा आणि संख्या कागदावर लिहा. साठ लावल्या तर साठच निघाल्या पाहिजेत. ही सवय मला भीतीने लागली, एकोणसाठाव्या पिनेनंतर रात्रभर शोधाशोध केली होती. साठावी माझ्याच ओढणीत निघाली.

नक्षीच्या खुणा धुऊन जाणाऱ्या पेनाने करा, पण त्यावर इस्त्री फिरवू नका, खूण कायमची बसते. उष्णतेने पुसणारी पेनं मी टाळते, कारण थंडीत खूण परत उमटते.

दोरा सुती, जरा जाडसर. लांबी हातभर, त्याहून लांब घेतला तर शेवटी शेवटी दोरा उसवून पिसासारखा होतो आणि गुंतून वेळ जातो तो वेगळाच. गाठ मारून सुई वरच्या थरातून आत घाला, दोरा हळूच खेचा, टक् असा बारीक आवाज होऊन गाठ आत शिरते आणि थरांमध्ये अडकते. आता डावा हात गोधडीखाली. सुई उभी खाली जाते, टोक खालच्या बोटाला जेमतेम लागतं, लागलं की लगेच वर. बोटाला टोक लागलं नाही तर टाका पाठीपर्यंत पोचलेलाच नाही, आणि पाठ उलटून पाहिलीत की रिकामी जागा दिसेल. दोन दिवसांत त्या बोटाला घट्टा पडतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला अंगुस्तान घाला, नाहीतर सुईचं नेढं बोटात शिरतं. सुईवर तीन-चार टाके भरले की एकदम ओढा.

सुरुवातीला इंचाला पाच टाके आले तरी पुष्कळ. मुरलेले हात आठ-दहा घालतात. पण लहान टाक्यापेक्षा सारखा टाका बरा दिसतो. बाळाच्या गोधडीवर दीड इंच अंतराने उभ्या ओळी घातल्या तर २३ ओळी होतात, प्रत्येकी ४५ इंच, म्हणजे साधारण २६ मीटर धावदोरा आणि पाच हजारांवर टाके. आकडा ऐकून घाबरू नका. नवख्या हाताने तासाला दीड मीटर धरा, सतरा-अठरा तास झाले. रोज एक तास बसलात तर तीन आठवड्यांच्या आत. कापणं, जोडणं, कडा, सगळं धरून दीड महिना. मोठ्या गोधड्यांना ओळी तीन इंचांवर घ्या, भर परवानगी देत असेल तर. हात थकला की थांबा, थकलेल्या हाताचे टाके दुसऱ्या दिवशी ओळखू येतात.

कडेच्या पट्टीला लोक कंटाळतात आणि तिथेच गोधडी आधी फाटते. पट्टी अडीच इंच रुंद कापा, मधोमध दुमडा, म्हणजे कडेवर दुहेरी कापड येतं. बाळाच्या गोधडीचा घेर १६२ इंच, कोपरे आणि जोड यांना दहा-बारा इंच जास्त, तेव्हा पूर्ण पन्ह्याच्या पाच पट्ट्या लागतील. सरळ कडेला सरळ पट्टी चालते. क्रॉस पट्टी, म्हणजे तिरकी कापलेली, फक्त गोल कोपऱ्यांना हवी. पुढून मशीनने लावा, मागून हाताने बारीक टाक्यांनी दाबा.

पट्टीचं काम नकोच असेल तर कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायकांची रीत बघा. त्यांच्या कवंदीला, म्हणजे गोधडीला, वेगळा जोडलेला वरचा थर नसतोच. त्या कडेपासून सुरू करतात, एकेक तुकडा कड दुमडून ठेवतात आणि धावदोऱ्यानेच सगळ्या थरांतून शिवत, गोल फिरत मध्यापर्यंत येतात. जोडणं आणि शिवणं एकाच वेळी. चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी टोकं बसवतात, त्यांना फुलं म्हणतात. नऊ वर्षांच्या मुलीबरोबर बसून शिवायला ही रीत फार चांगली आहे, कारण तिला पहिल्या दिवसापासून गोधडी वाढताना दिसते.

हो, तिची गोधडी तिच्यासोबतच शिवा. म्हणूनच ती शेवटी. तिला कडेचा एक भाग द्या, दोरा तिच्या आवडीचा. तिचे टाके वेडेवाकडे येतील, अर्धा इंच लांब येतील. रात्री ती झोपल्यावर ते उसवून नीट करायचा मोह होईल, करू नका. तिला कळतं.

चार वर्षांच्या मुलाला "कुठला रंग हवा?" असं विचारू नका, सकाळी एक सांगेल, संध्याकाळी दुसरा. दोन कापडं समोर ठेवा आणि एक उचलायला सांगा. आणि त्याला सांगताना बाळाच्या गोधडीचं अति कौतुक नको, त्याची अजून झालेली नाही हे त्याला ठाऊक असतं. मी तिन्हींमध्ये एक कापड सारखं घालते, एकाच शर्टाचे किंवा एकाच साडीचे तुकडे. पोरं एकत्र आली की आपापल्या गोधड्या पसरून ते कापड शोधतात. बाकी तिन्ही एकमेकींसारख्या दिसायला नकोत.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या गोधडीवर बटण, मणी, आरसा, टिकली, लोंबती रिबीन काहीही लावू नका. तोंडात जाण्यासारखं जे आहे ते जातंच. सजावट हवी तर टाक्यांतून करा. पाठीवर एका कोपऱ्यात नाव, साल आणि "गार पाण्यात धुवा" एवढं दोऱ्याने लिहा. शेवटचं वाक्य बहिणीसाठी.

धुताना मशीनचा हलका फेरा, सौम्य साबण, ब्लीच नाही. वाळत घालताना मात्र एका दोरीवर एका टोकाने लटकवू नका. ओली गोधडी जड होते आणि सगळं वजन वरच्या ओळींच्या टाक्यांवर येऊन ते तुटतात. दोन दोऱ्यांवर आडवी पसरा. पहिल्या धुण्यानंतर ती थोडी चुरगळलेली, फुगीर दिसेल. काहीतरी बिघडलं असं वाटून इस्त्री घेऊ नका, गोधडी आता कुठे गोधडीसारखी दिसायला लागली.

एक शेवटचं काम, पट्ट्या कापतानाच करायचं. त्याच कापडाची हातभर पट्टी आणि वरच्या कापडांचा एकेक तुकडा बाजूला काढा, पाकिटात घाला, वर मुलाचं नाव लिहा. पट्टी आधी झिजते ती हनुवटीपाशी, जिथे मूल झोपताना कड बोटांत धरून चोळत असतं. माझ्याकडे अशी सात पाकिटं आहेत. सॅटिनच्या गोधडीचं अजून उघडलेलं नाही. धाकट्या भाच्याचं मागच्या वर्षी रिकामं झालं.